वाचकांचे प्रश्न : न्यासाची आवक, उत्पन्न की मुद्दल?

प्रश्न : मामांच्या मृत्युपत्राप्रमाणे न्यासाचे (ट्रस्टचे) उत्पन्न मामींना हयातभर आणि त्यांच्या पश्चात मुद्दल दोन्ही मुलांना मिळायचे आहे. मी एकटाच विश्वस्त आहे. या वर्षी भाडे, रोख लाभांश, बोनस शेअर (कंपनीने भागधारकांना विनामूल्य दिलेले जादा शेअर) आणि दगडखाणीचे स्वामित्वधन (दगड उचलण्याबद्दल मिळणारी रॉयल्टी) एकाच खात्यात जमा झाले. यातले मामींचे काय?

उत्तर : आधी मृत्युपत्र पुन्हा वाचा. त्यात विभागणीचा नियम सांगितलेला असेल, तर सर्वसाधारणपणे तोच चालतो. ते गप्प असेल तिथेच कायदा बोलतो. मग प्रत्येक रकमेला एक प्रश्न विचारा : ही रक्कम देऊन मूळ मालमत्ता जशीच्या तशी राहिली, की तिचाच तुकडा मोडून हाती आला?

भाडे आणि रोख लाभांश मामींचे. मात्र मामांच्या हयातीत देणे झालेले आणि नंतर वसूल झालेले भाडे मुद्दलात धरावे, कारण ते मामांचेच येणे होते. त्याच कंपनीचे बोनस शेअर मुद्दलात जातात. मालकीचा हिस्सा तेवढाच राहतो, फक्त त्याचे भाग वाढतात.

खरी अडचण खाणीची आहे. दरवर्षी पैसा येतो म्हणून ते उत्पन्न वाटते, पण उचललेला दगड पुन्हा उगवत नाही, आणि सगळे मामींना दिले तर मुलांच्या वाट्याला खड्डा उरेल. जुन्या इंग्रजी न्यायतत्त्वाप्रमाणे न्यास करणाऱ्याने स्वतः सुरू केलेल्या खाणीचे पूर्ण स्वामित्वधन हयातभर उत्पन्न घेणाऱ्या लाभार्थ्याला मिळत असे, तर अमेरिकेतील राज्यांसाठी तयार केलेल्या 1997 च्या नमुना कायद्याने 100 पैकी 90 मुद्दलात आणि 10 उत्पन्नात टाकायला सांगितले. फरक एवढा मोठा असल्याने तुमच्या न्यासाला कोणता नियम लागतो, हे वकिलाकडून लेखी घ्या आणि तोपर्यंत ही रक्कम वेगळी ठेवा.

मुलांची काळजी म्हणून मामींच्या बाबतीत हात आखडता घेणे हाही पक्षपातच ठरतो, आणि विश्वस्ताला तो करता येत नाही. त्यांचे भाडे आणि लाभांश मात्र आजच द्या, खाणीच्या निर्णयासाठी ते अडवून ठेवू नका.