सहा महिन्यांत पोपडे सुटले, आता कोणता रंग लावू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेडरूमच्या बाथरूमकडच्या भिंतीला खालच्या दोन-अडीच फुटांत सहा महिन्यांतच पोपडे सुटले. हॉलच्या भिंतीवर ट्यूब लावली की रोलरचे पट्टे दिसतात. आणि आता सगळं पुन्हा रंगवायचं, तर कोणता रंग घ्यावा?

रंगाचं नाव मी सांगणार नाही. तुमचे दोन्ही त्रास रंगाच्या डब्यातून आलेले नाहीत. त्याच भिंतीवर सगळ्यात महागडा रंग मारलात तरी पुढच्या वर्षी पोपडे पुन्हा हजर, फक्त महागडे.

आधी बेडरूम. एक मोठा पोपडा सबंध निघेल असा अलगद सोडवा आणि उलटा करून पाहा. मागे जुना रंग किंवा चुन्याची भुकटी चिकटली असेल तर तुमच्या रंगाऱ्याने जुना थर खरवडलाच नाही, त्याच्यावरच नवा चढवला. मागे पुट्टीचा पांढरा थर सबंध आला असेल तर पुट्टीने गिलावा धरला नाही. आणि उघड्या पडलेल्या गिलाव्यावर कापसासारखी पांढरी, बोटाने झटकली की उडणारी बुरशीसारखी लव दिसली, तर ती बुरशी नाही, खार आहे. वीट आणि सिमेंटमधले क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागापर्यंत येतात, पाणी उडून जातं, क्षार तिथेच साठून त्यांचे स्फटिक वाढतात आणि रंगाला आतून ढकलतात. बाथरूमची भिंत, खालचे दोन फूट, म्हटल्यावर माझा संशय याच्यावरच आहे.

खात्री करायला खर्च नाही. साधारण दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिक घ्या आणि खरवडलेल्या जागी चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा, कुठूनही हवा जाता कामा नये. एक दिवस आणि एक रात्र तसंच राहू द्या. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव धरलं किंवा आतला गिलावा काळपट दिसला, तर ओल भिंतीतून येते आहे. दव बाहेरच्या बाजूला असेल तर दोष खोलीतल्या दमट हवेचा, म्हणजे उपाय खिडकी उघडण्याचा.

हे इतकं ठासून सांगतोय कारण मी स्वतः एकदा हे न करता शहाणपणा केला होता. नेमकी अशीच भिंत. 'ओल बंद करणारा' म्हणून मिळणारा रंग आतून दोन हात मारला. खालचे दोन फूट छान कोरडे राहिले आणि चार महिन्यांनी पोपडे साडेतीन फुटांवर सुरू झाले! पाण्याची वाट आतून बंद केली, पाणी बंद केलंच नव्हतं, मग ते वर चढलं. शेवटी बाथरूमची एक फरशी उखडली तेव्हा भिंतीतल्या नळाच्या जोडाजवळ थेंब-थेंब गळती सापडली. तुम्ही तिथूनच सुरुवात करा: सगळे नळ बंद करून मीटर रात्रभर फिरतो का ते पाहा, मग फरशीच्या सांध्यांची दर्ज आणि मोरीची जाळी तपासा. मीटर थांबलेला असेल तर गळती बहुधा सांडपाण्याच्या बाजूची.

गळती थांबली की लगेच रंग लावायची घाई होते, आणि तिथेच दुसऱ्यांदा फसतात. भिजलेली वीटभिंत वाळायला ढोबळमानाने इंचाला एक महिना धरतात. नऊ इंची भिंत दोन्हीकडून वाळली तरी चार-साडेचार महिने, आणि तुमच्या भिंतीची एक बाजू फरशीने झाकलेली. तेव्हा तो पट्टा गिलाव्यापर्यंत खरवडून उघडा ठेवा, पंखा लावा, आणि तोपर्यंत बाकीचं घर रंगवून घ्या. दिसायला वाईट दिसेल, दिसू द्या. मधूनमधून खार वर येईल, तो कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत भरून बाहेर टाका. पाण्याने धुवायचा मोह टाळा, विरघळून पुन्हा आत जातो. बोटांच्या गाठींनी ठोकून पाहा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर गिलावा विटेपासून सुटला आहे, तेवढा फोडून नवा करावा लागेल. नव्या गिलाव्याला पाणी मारून झाल्यावरही किमान 28 दिवस रंग नको. ताजं सिमेंट चांगलंच अल्कधर्मी असतं, सामू 12 ते 13 च्या घरात. त्याच्यावर तेलाचा रंग गेला तर तेलाचा चक्क साबण होतो आणि रंग चिकट, बुळबुळीत पडतो.

आता हॉल. पट्ट्यांची कारणं दोन, आणि बहुतेक वेळा दोन्ही एकत्र असतात. एक म्हणजे शोषण. तडे भरताना जागोजागी पुट्टी लावली आणि तेवढ्यावर प्रायमर दिला नाही, किंवा प्रायमरमध्ये पाणी इतकं घातलं की ते नुसतंच पांढरं पाणी झालं. मग भिंतीचा एक भाग रंग पितो, दुसरा पीत नाही, आणि एकाच डब्यातला रंग दोन छटांचा दिसतो. दुसरं कारण हाताचं. अर्धी भिंत मारून रंगारी जेवायला गेला, आला तेव्हा कड वाळलेली. तिच्यावर पुन्हा रोलर फिरला की तिथे दुहेरी थर बसतो आणि जोड कायमचा दिसतो. भिंत एका दमात एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत न्यायची, कड ओली असतानाच पुढचा पट्टा तिच्यावर चढवायचा, आणि शेवटचा हलका हात सगळीकडे एकाच दिशेने, वरून खाली. कोपरे आणि छताची कड ब्रशने काढायची ती त्या-त्या पट्ट्यापुरतीच. आधी सगळी खोली ब्रशने आखून मग रोलर धरला की भिंतीला चौकट पडते. वाळत आलेल्या रंगाला 'जरा नीट करतो' म्हणून पुन्हा हात लावायचा नाही. डाग राहिला तर राहू द्या, दुसऱ्या हातात झाकला जाईल.

आणि तुमची ट्यूब भिंतीला लागून आहे हेही लक्षात घ्या. प्रकाश असा घासून पडला की चांगल्यातली चांगली भिंतही उघडी पडते. याचाच फायदा तयारीच्या वेळी घ्यायचा. पुट्टीचा हात घासून झाला की रात्री दिवे बंद करून टॉर्च भिंतीला टेकवून धरा. दिवसा सपाट वाटलेल्या भिंतीवर खड्डे, पत्र्याचे ओरखडे, लाटा सगळं सावल्यांनी उमटतं. पेन्सिलीने खुणा करा, सकाळी तेवढंच भरा, पुन्हा घासा. मी हे दोन रात्री करतो, घरचे हसतात. अशा भिंतीला चकचकीत रंग मुळीच नको. मॅट घ्या, तो लाटा पोटात घालतो. पुसायला थोडा अवघड जातो, पण हॉलमध्ये ते चालतं.

घासताना आधी 120-150 नंबरचा कागद, शेवटी 220. आणि मग सगळे विसरतात ती गोष्ट म्हणजे धूळ. भिंतीवरून तळवा फिरवा. तळवा पांढरा झाला तर प्रायमर भिंतीला धरणार नाही, त्या भुकटीला धरेल. ओलसर फडक्याने वरून खाली पुसा, वाळू द्या, पुन्हा तळवा फिरवा. भिंतीवर 2017 च्या आधीचा जुना तेलरंग असेल तर त्यात शिसं असू शकतं. तिथे कोरडं घासणं बंद, पाणी लावून घासा, मास्क लावा, लहान मुलांना त्या दिवसांत घरात ठेवूच नका.

कुठे खरीच काळी बुरशी असेल तर ब्लीचच्या एका भागाला तीन भाग पाणी, पंधरा मिनिटं ठेवून धुवा, पूर्ण वाळल्यावरच पुढे जा. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा अमोनियावालं दुसरं काही मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो. पिवळ्या पाण्याचे किंवा धुराचे डाग पाण्याच्या प्रायमरमधून पुन्हा वर येतात. त्यांच्यासाठी डाग अडवणारा तेलाच्या बैठकीचा प्रायमर वेगळा मिळतो, तेवढ्याच जागेवर लावा.

किती रंग लागेल तेही विचारलंत. 12 बाय 10 ची खोली, उंची 10 फूट: चारही भिंती 440 चौरस फूट, दारं-खिडक्या वजा जाता 400. दोन हात म्हणजे 800. डब्यावर एका हाताला लिटरमागे 120 लिहिलं असेल तर सात लिटर. हा आकडा घासून गुळगुळीत केलेल्या भिंतीचा असतो, म्हणून एक लिटर जास्त धरा. डबे अनेक असतील तर सगळे एका मोठ्या बादलीत एकत्र करून घ्या, छटेत उन्नीस-बीस असतं ते भिंतीच्या मधोमध दिसायला नको. पाणी किती घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. रंगारी त्याहून जास्त घालतो, समोर उभं राहा.

राहिलेला रंग डब्यात ठेवू नका, अर्ध्या रिकाम्या डब्यात त्याच्यावर साय धरते. काचेच्या बरणीत काठोकाठ भरा आणि वर खोलीचं नाव, छटेचा नंबर, तारीख लिहा. माझ्याकडे नंबर लिहिलेला नव्हता, म्हणून एका खिळ्याच्या भोकासाठी सबंध भिंत पुन्हा काढावी लागली होती.