एक तार आत, एक तार बाहेर: पेडलबोर्डाविषयी तुमचे प्रश्न

भाऊबीज झाली, गावोगावच्या मंडई-जत्रा भरू लागल्या आणि पत्रांचा सूर बदलला. पावसाळ्यात लोक विचारतात की कोणता प्रोसेसर, म्हणजे गिटारच्या आवाजाला इफेक्ट देणारी पेटी, घेऊ. आता विचारतात की घेतलेला प्रोसेसर स्टेजवर असा का वागतो. यातल्या निम्म्या तक्रारी प्रोसेसरच्या नसतातच. त्या तारांच्या, अडाप्टरच्या आणि विजेच्या असतात, म्हणून या वेळी पेडलबोर्डाचेच, म्हणजे प्रोसेसर आणि पायाने चालवायची पेडलं ज्या फळीवर बसवतात तिचेच, प्रश्न घेतले आहेत.

दादा, मी नाटकांत गिटार वाजवतो. माझा प्रोसेसर एक्स्प्रेशन पेडलवाला (पायाने वरखाली करून आवाज बदलायचं पेडल) आहे, इफेक्ट सगळे त्यातच आहेत. मग बोर्ड कशाला? सोबतचे म्हणतात, बोर्ड असला की वजन पडते. (लाखांदूर)

वजन पडावं म्हणून करणार असाल तर करू नका. तेवढ्या पैशांत दोन चांगल्या तारा येतील.

पण एका रात्रीत तुम्ही काय काय जोडता ते मोजा. अडाप्टर, गिटारची तार, मिक्सरला जाणारी तार, ट्यूनर, त्याची वेगळी वीज, कधी फूटस्विच. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांच्या, दौऱ्यात आज एक गाव, उद्या दुसरं. बसायला जागा मिळते ती ऑर्गन आणि तबल्याच्या मधली, आणि नांदी सुरू व्हायला पाच मिनिटं असताना कुणीतरी तुमच्या अडाप्टरवर पाय देऊन जातो. बोर्ड हवा तो यासाठी. सगळं घरी, उजेडात एकदा जोडून ठेवायचं. गावात गेल्यावर विजेची एक तार आत घ्यायची, आवाजाची एक बाहेर द्यायची आणि गिटार लावायची. याहून जास्त काही जोडावं लागत असेल तर बोर्ड अजून पूर्ण झालेला नाही.

माप बाजारातल्या बोर्डावरून घेऊ नका, जमिनीवर घ्या. जुनं वर्तमानपत्र अंथरा, त्यावर प्रोसेसर आणि पेडल मांडा, जॅक लावा आणि दोन गाणी वाजवा. बॉस कंपनीचं साधं पेडल ७३ मिलिमीटर रुंद असतं, पण त्याचे जॅक बाजूला असतात, म्हणून दोन पेडलांत तीनेक सेंटिमीटर सोडावे लागतात. एक्स्प्रेशन पेडल उजव्या टोकाला घ्या. तुम्ही बसून वाजवत असाल तर टाच टेकायला पुढे जागा हवी, नाहीतर तासाभरात पोटरी भरून येते. प्रोसेसर, ट्यूनर आणि एखादं पेडल एवढंच असेल तर ५५ बाय ३० सेंटिमीटरमध्ये सगळं मावतं. पुढे घेणार असलेल्या पेडलांसाठी आजच मोठा बोर्ड करू नका. रिकामी जागा दिसली की माणूस पेडल विकत घेतोच, हा माझा स्वतःचा महागडा अनुभव आहे.

भाऊ, घरी वाजवलं तं काही नाही, पण प्रोग्रामात प्रोसेसरमधून घूंऽऽ आवाज येते. जनरेटर चालू झाला का आणखीनच वाढते. अन् गिटार हातात असताना माइकले ओठ लागला का झटका बसते. अडाप्टर बदलू का? (पांढरकवड्याजवळून)

आधी झटक्याचं बोलू. आवाजाचं नंतर पाहू.

ओठाला झटका बसतो म्हणजे गिटारच्या तारा आणि माइकची जाळी यांच्यात व्होल्टेजचा फरक आहे, आणि तुमचं शरीर त्या दोघांमधली तार झालं आहे. मिक्सर एका ठिकाणच्या विजेवर, तुम्ही दुसऱ्या, आणि दोन्हींपैकी एकाचं अर्थिंग गायब, असं असलं की हे घडतं. मंडपातल्या एक्स्टेन्शनची तिसरी पिन तुटलेली असते किंवा कुणीतरी मुद्दाम कापलेली असते, कारण 'ती कापली का घरघर जाते'. घरघर कधीकधी जातेही. पण बिघाड झाला तर करंटला जमिनीत जायची जी वाट होती तीच बंद होते, आणि मग तो तुमच्यातून जातो. तिसरी पिन कापायची नाही. यावर वाद नको.

टू-पिन अडाप्टरमुळे तारांना बोट लावल्यावर नुसती चुणचुण होते, ती बहुधा अडाप्टरमधल्या कपॅसिटरची बारीक गळती असते. पण ओल्या जमिनीवर, अनवाणी उभं राहून ही चुणचुण आहे की खरा करंट, हे अंगावर घेऊन ठरवू नका. मल्टिमीटर एसीवर ठेवा, एक टोक माइकच्या जाळीला, दुसरं गिटारच्या तारेला लावा. मीटरवर मोठा आकडा दिसला तर इलेक्ट्रिशियनने अर्थिंग दुरुस्त करेपर्यंत गिटार गळ्यात घालू नका. जनरेटर आणला असेल तर बिछायतवाल्याला पहिलं विचारा की अर्थिंगची सळई ठोकली आहे का. स्वतःसाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवलेला एक्स्टेन्शन करून घ्या. तुमच्या अख्ख्या बोर्डावर त्याहून कामाची वस्तू दुसरी नसेल.

आता घूंऽऽ. आपली वीज ५० हर्ट्झची. मिक्सर आणि प्रोसेसर दोन वेगळ्या ठिकाणांहून वीज घेतात आणि ऑडिओच्या तारेनेही एकमेकांना जोडलेले असतात, तेव्हा अर्थचा एक गोल तयार होतो आणि तो ५० हर्ट्झ आवाजात शिरतो. पहिला उपाय फुकट आहे: बोर्डाची वीज मिक्सरच्या एक्स्टेन्शनमधूनच घ्या. स्टेजजवळच्या लायटिंगच्या बोर्डातून तर कधीच घेऊ नका, रंगीत झिरमिळ्यांचा सगळा कचरा त्या तारेवर असतो. दुसरा उपाय म्हणजे ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (प्रोसेसर आणि मिक्सर यांच्या मध्ये लावायची छोटी पेटी) आणि त्याचं ग्राउंड लिफ्ट बटण. हे बटण फक्त आवाजाच्या तारेचं ग्राउंड सोडतं, विजेचं नाही, म्हणून ते चालतं. मात्र अडाप्टर टू-पिन असेल तर बटण दाबल्यावर कधी घरघर उलट वाढते. दोन्ही करून ऐका.

अडाप्टरचा प्रश्न त्यानंतर येतो. तुमचा जुना, जड, ट्रान्सफॉर्मरवाला असेल तर बदला. गावात संध्याकाळी लाइन १७० व्होल्टवर उतरली की त्याचे ९ व्होल्ट साडेसहाच्या आसपास येतात आणि प्रोसेसर स्वतःच बंद-चालू होतो. लोक म्हणतात प्रोसेसर खराब आहे. १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला चांगला एसएमपीएस, म्हणजे मोबाइलच्या चार्जरसारखा हलका, अडाप्टर हा चढउतार सहज पचवतो. घेताना तीन गोष्टी जुळवा: व्होल्ट तेवढेच हवेत, मिलिअँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत, आणि पिनच्या आतलं टोक प्लस की मायनस हे चिन्ह प्रोसेसरवरच्या चिन्हासारखंच हवं. गिटार पेडलांत बहुधा आतलं टोक मायनस असतं, आणि वायफाय राउटरच्या अडाप्टरचं प्लस. पिन बसते म्हणून लावला आणि प्रोसेसर गेला, असे दोन मी डोळ्यांनी पाहिले आहेत. काही जुन्या प्रोसेसरांना तर ९ व्होल्ट डीसी नाही, एसी लागतो. खाली छापलेलं वाचा.

आणि पॉवरबँकचा विचार करा. १०,००० एमएएचची पॉवरबँक म्हणजे सुमारे ३७ वॅट-तास. ९ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर खाणारा प्रोसेसर साडेचार वॅट घेतो. मधली घट धरली तरी सहा-साडेसहा तास निघतात. पीडीवाल्या (मागितले तर जास्त व्होल्ट देणाऱ्या) पॉवरबँकमधून ९ व्होल्ट मागून घेणारी केबल मिळते, पण तिचं टोक बहुतेक वेळा राउटरसाठी प्लस केलेलं असतं, त्यामुळे उलटं करणारी छोटी पिन सोबत घ्या आणि मीटरने तपासल्याशिवाय जोडू नका. अशा बोर्डाचा विजेच्या तारेशी संबंधच उरत नाही. माझा स्वतःचा दोन सीझनपासून असाच आहे.

सर, आमची बेंजो पार्टी आहे. बेंजो गिटारच्या प्रोसेसरला लावतो. घरच्या स्पीकरवर मस्त वाजतो, मोठ्या साउंडवर डिस्टॉर्शन लावलं की भुंगा अडकल्यासारखा होतो. (तेल्हारा)

तुमच्या वाद्याचं मूळ जपानी आहे हे माहीत आहे का? १९१२ साली नागोयात गोरो मोरिता यांनी बनवलेल्या ताइशोगोतोचंच आपलं रूप म्हणजे बुलबुलतरंग, ज्याला आपण बेंजो म्हणतो. त्याला गिटारचा प्रोसेसर लावण्यात वावगं काहीच नाही.

भुंग्याचं कारण सोपं आहे. डिस्टॉर्शन (आवाज फाडणारा इफेक्ट) हे गिटार अँप्लिफायरच्या मोठ्या स्पीकरसाठी घडलेलं असतं, आणि तो स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं जवळजवळ ऐकवतच नाही. तुमच्या ट्रकवरचे हॉर्न-स्पीकर मात्र वरचं सगळं ओकतात. प्रोसेसरमध्ये कॅबिनेटचं, म्हणजे स्पीकरच्या पेटीचं, सिम्युलेशन (नक्कल) असतं, ते वरचा किसकिसाट कापतं. मिक्सरला थेट जोडलं की ते चालू, गिटार अँपला जोडलं की बंद. डिस्टॉर्शन नसलेल्या साध्या पट्टीच्या सुरांना ते नको, वाद्य गुदमरतं. म्हणून दोन पॅच (साठवलेल्या सेटिंग) करा: साधा एक, बीनसारखा लांब ओढायचा एक. गेन (डिस्टॉर्शनची मात्रा) घरी ठेवता त्याच्या निम्मा ठेवा. तारा खूप आहेत, न वाजवलेल्याही घुमतात, आणि गेन वाढला की त्यांचंच ऐकू येतं.

डिले (प्रतिध्वनी) तालात हवा असेल तर ६०,००० ला लयीच्या आकड्याने भागा. मिनिटाला १२० ठोके असतील तर ५०० मिलिसेकंद. मिरवणुकीत लय चढत जाते, तेव्हा टॅपचं (पायाने ठोके देऊन लय सांगायचं) बटण पायाखाली हवं, बोर्डाच्या पुढच्या काठाला. ट्रकवर बोर्ड ठेवणार असाल तर खाली रबराची मॅट टाका आणि बासच्या पेटीवर तो ठेवू नका, जॅक थरथरून सैल होतात.

काका, माझे वडील सुतार आहेत. बोर्ड सागवानाचा करावा की प्लायचा? आणि वेल्क्रो उन्हाळ्यात टिकत नाही, काय करू? (आरमोरी)

वडिलांना सागवानाचाच मोह होणार, आणि का होऊ नये. आलापल्ली-बल्लारपूरचं सागवान अयोध्येच्या मंदिरापर्यंत गेलं, तर मुलाच्या पेडलबोर्डापर्यंत यायला काय हरकत आहे! पण वजन बघा. ६० बाय ३० सेंटिमीटरची २५ मिलिमीटर जाडीची सागवानी फळी तीन किलोच्या जवळ जाते. तेवढीच १२ मिलिमीटर प्लायची सव्वा-दीड किलोत होते. तुम्ही बोर्ड दुचाकीवर बांधून नेणार आहात. प्लाय घ्या, आणि बाजूच्या पट्ट्या व मूठ वडिलांना सागवानाची करू द्या.

फळी अखंड ठेवू नका. तीन-चार आडव्या पट्ट्या, मध्ये दोन बोटांची फट, म्हणजे तारा खालून फिरवता येतात. मागची बाजू पुढच्यापेक्षा सहा-सात सेंटिमीटर उंच ठेवा आणि त्या पोकळीत एक्स्टेन्शन व अडाप्टर कसून बांधा. विजेच्या तारा एका कडेने न्या, आवाजाच्या दुसऱ्या कडेने. जिथे ओलांडाव्याच लागतील तिथे काटकोनात ओलांडा. बोर्डावरच्या जोडतारा लागतील तेवढ्याच आखूड घ्या. रंग लावायचा तर मॅट लावा, चकचकीत वॉर्निशवर दिव्यांचा उजेड पडला की प्रोसेसरचा पडदा वाचता येत नाही.

वेल्क्रोचं दुखणं खरं आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५-४६ वर जातो, बंद गाडीत त्याहून खूप वर, आणि वेल्क्रोमागचा डिंक गुळासारखा ओघळतो. मऊ बाजू फळीवर लावा आणि नुसत्या डिंकावर न विसंबता तिच्या टोकांना स्टेपलच्या पिना मारा. पेडलांसाठी जुनी युक्ती सांगतो: सायकलच्या दुकानातून टाकाऊ चेन आणा, कड्या सुट्या करा, केरोसीनमध्ये धुवा. पेडलाच्या तळाचा एक स्क्रू काढून कडीच्या एका भोकातून पुन्हा घाला, दुसऱ्या भोकातून फळीत लाकडाचा स्क्रू. चार कड्या लावल्या की पेडल हलत नाही. प्रोसेसरच्या तळाचे स्क्रू मात्र असे वापरू नका, आतल्या सर्किटपर्यंत जाणारा लांब स्क्रू बसला तर रडाल. त्याला दोन ठिकाणी नायलॉनचा पट्टा बांधा.

प्रोसेसरसोबत वा-वा पेडल आणि एक ओव्हरड्राइव्ह (सौम्य डिस्टॉर्शनचं पेडल) आहे. क्रम काय? (मेहकर)

गिटार, ट्यूनर, वा-वा, ओव्हरड्राइव्ह, प्रोसेसर. वा-वा ओव्हरड्राइव्हनंतर लावून पाहायचं असेल तर पाहा, आवाज जास्त रानटी होतो, मला आवडत नाही. गिटारची तार सहा मीटरहून लांब असेल तर सुरुवातीला एखादं बफरवालं पेडल ठेवा, बॉसचं ट्यूनर चालेल. नाहीतर वरचे सूर तारेतच विरतात.

मुलगी अकरावीला आहे, तिला जुना प्रोसेसर बोर्डासकट मिळतो आहे. मला यातलं काही कळत नाही. काय पाहू? (वरूड)

ताई, सोबत मूळ अडाप्टर आहे का ते पहिलं पाहा. नसेल तर नवा घ्यायचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा. मग मुलीला अर्धा तास वाजवू द्या. प्रत्येक फूटस्विच वीस वेळा दाबायचं, एकदाही चुकलं किंवा दोनदा लागलं तर दुरुस्ती आली. एक्स्प्रेशन पेडल अगदी हळू वरखाली करायचं, मध्येच आवाज खरखरला किंवा उडी मारली तर आतला पॉट (फिरणारा रेझिस्टर) झिजला आहे. प्रत्येक जॅक घालून हलवून पाहा. बोर्ड फुकट देत असतील तर घ्या, त्याचे वेगळे पैसे मागितले तर घेऊ नका. वरच्या आरमोरीच्या उत्तरातलं माप गावातल्या सुताराला दाखवा, तो दोन दिवसांत करून देईल.