बुक्की नाकापाशी थांबते तेव्हा

प्रश्न : नमस्कार ताई. माझा मुलगा 12 वर्षांचा आहे. एरवी समंजस, पण राग आला की हात उचलतो. धाकट्या बहिणीला मारतो. गेल्या महिन्यात वर्गातल्या मुलाला ढकललं, शाळेतून बोलावणं आलं. नंतर स्वतःच रडतो, 'मला कळतच नाही मला काय होतं' म्हणतो. त्याचे बाबा म्हणतात, कराटेला घाल, शिस्त लागेल. मला धास्ती वाटते की आज नुसता ढकलतोय, उद्या शिकूनसवरून मारेल. कराटेने खरंच स्वतःवर ताबा येतो, की हे क्लासवाल्यांचं बोलणं?
– एक आई

उत्तर : क्लासवाल्यांचं बोलणं आहेच, आणि मीही 26 वर्षं क्लासच घेते. तेव्हा माझंही पारखूनच घ्या.

तुमची धास्ती खुळी नाही. 1986 साली मायकेल ट्रुलसन या संशोधकाने गुन्हेगारीकडे झुकलेल्या 34 मुलांचे तीन गट केले होते. एका गटाला तायक्वांदो, म्हणजे कराटेसारखीच एक कोरियन युद्धकला, जुन्या रीतीने शिकवलं, ध्यान आणि वागण्याचे नियम यांच्यासकट. दुसऱ्याला नुसती मारामारीची तंत्रं. तिसऱ्याकडून इतर व्यायाम करून घेतला. सहा महिन्यांनी पहिल्या गटातली आक्रमकता कमी झाली होती, दुसऱ्यातली वाढली होती. मुलं मोजकीच, त्यामुळे यावर फार मोठे इमले बांधू नयेत. पण माझ्या डोळ्यांसमोर जे घडत आलंय ते याच्याशी जुळतं. म्हणजे तुमचे यजमानही बरोबर आणि तुम्हीही. मुलगा कुणाच्या हाताखाली जातो यावर सगळं आहे.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते त्याचं वाक्य, 'मला कळतच नाही.' तो खरं बोलतोय. रागाच्या क्षणी शरीर सवयीचं तेच करतं. 'राग आला की दहा आकडे मोज' हा सल्ला मुलांना पाठ असतो, पण आठवतो तो हात उचलून झाल्यावर, कारण राग आलेला असताना त्याचा सराव कधी केलेलाच नसतो. कुमितेत, म्हणजे दोघांच्या लढतीत, तो सराव होतो. समोरच्याचा पंच लागतो, कान तापतात, छाती धडधडते, आणि तेवढ्यात सर म्हणतात, 'यामे!' म्हणजे थांब. हात हवेत असला तरी थांबायचं. मग मागे सरकून ज्याने मारलं त्यालाच वाकून नमस्कार करायचा. आठवड्यातून तीन दिवस, वर्षानुवर्षं हेच. राग थोडा थोडा येतो आणि थोडा थोडा आवरायला लागतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. 17 वर्षांची होते, ब्राउन बेल्ट, म्हणजे ब्लॅकच्या आधीचा, आणि डोक्यात हवा. माझ्याहून लहान, खालच्या ग्रीन बेल्टवाल्या मुलीने सगळ्यांदेखत माझ्यावर पॉइंट घेतला. पुढच्या क्षणी तिचा ओठ फुटला होता. मला कळलंच नाही, तुमच्या लेकासारखंच. सर ओरडले नाहीत. दोन महिने माझी कुमिते बंद केली. रोज त्याच मुलीसमोर उभं राहून तिच्या चेहऱ्यावर 100 पंच मारायचे आणि प्रत्येक पंच कातडीच्या बोटभर अलीकडे थांबवायचा. अट एकच होती. तिने डोळे मिटले की तो पंच मोजायचा नाही. पहिल्या दिवशी ती प्रत्येक वेळी डोळे मिटत होती. बिचारी, का नाही मिटणार? त्या दिवशी माझा एकही पंच मोजला गेला नाही. 100 पूर्ण व्हायला पाच आठवडे लागले.

त्या पाच आठवड्यांत एक गोष्ट खांद्यातून समजली. बुक्की नाकापाशी थांबवायची तर थांबण्याचं ठरवून मगच ती निघावी लागते. मध्येच ब्रेक लागत नाही. आणि रागाने ताठलेला खांदा बोटभर पुढेच जातो, कितीही आवरा.

टोकियो ऑलिंपिकमधला कराटेचा अंतिम सामना जमलं तर मुलासोबत बघा, ऑगस्ट 2021 मधला, 75 किलोंवरच्या गटातला. सौदीचा तारेग हामेदी 4-1 असा पुढे होता. त्याची किक इराणच्या सज्जाद गंजजादेच्या डोक्यावर बसली, गंजजादे बेशुद्ध पडला, त्याला स्ट्रेचरवरून नेलं. आणि सुवर्णपदक त्यालाच मिळालं! किकवर ताबा नव्हता म्हणून हामेदी बाद. या निकालावर बरीच हुज्जत झाली. मलाही हामेदीसाठी वाईट वाटलं. पण माझ्या क्लासमधल्या मुलांना नियम त्या दिवशी जेवढा समजला तेवढा माझ्या बडबडीने कधी समजला नव्हता.

आता जरा कडू. हॉलमधला ताबा आपोआप घरी येत नाही. मी क्लासमध्ये शांत झाले तरी घरी भावाशी पुढची दोन वर्षं भांडतच होते. तेव्हा पहिल्या महिन्यात बहिणीवरचा हात थांबेल अशी आशा धरू नका. 'यामे' हा शब्द तुम्ही घरी वापरू नका, तो सरांचाच राहू द्या. 'पुन्हा मारलंस तर क्लास बंद' ही धमकी तर नकोच. आणि सहा-आठ महिन्यांनीही मारणं तसंच राहिलं किंवा वाढलं, तर समुपदेशकाकडे जा. त्यात कमीपणा नाही.

क्लास निवडताना भिंतीवरची पदकं बघू नका. परवानगी घेऊन तासभर मागे बसा. कुणाला तरी चुकून लागेलच. तेव्हा सर काय करतात? मारणाऱ्याला हसून सोडतात, की थांबवून विचारतात? लागलेल्याला 'रडतोस काय' म्हणतात का? नवशिक्या मुलांना थेट लढायला उभं करत असतील तर तिथून उठा. हेइआन नावाच्या पाच काता, म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचालींच्या मालिका, असतात, त्यातल्या प्रत्येकीची पहिली हालचाल बचावाची आहे. का, ते मुलांना सांगतात का, तेही ऐका.

घातलात तर पहिल्या ग्रेडिंगनंतर, म्हणजे बेल्टच्या परीक्षेनंतर, मला पुन्हा लिहा. आणि तो नापास झाला तर नक्कीच लिहा. त्यानंतरचा आठवडा घरात कसा गेला, ते मला ऐकायचंय.