बखर आणि खबर

प्रश्न असा आला आहे : 'खबर' उलटून 'बखर' झाली हे खरं का? बखर म्हणजे इतिहास का? आणि हल्ली संस्थेच्या पन्नाशीच्या स्मरणिकेलाही 'बखर' म्हणतात, ते चालेल का?

पहिल्याचं उत्तर : बहुधा खरं. 'खबर' मूळचा अरबी शब्द, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. बोलताना अक्षरांची जागा बदलणं आपल्याला नवीन नाही. गावाकडे 'नुकसान' सर्रास 'नुसकान' होतं, 'मतलब'चं 'मतबल' होतं. तसंच ख आणि ब यांनी जागा बदलल्या. 'ब-खैर', म्हणजे क्षेमपूर्वक, यावरून बखर आली असंही काहींनी सुचवलं आहे, पण मला ते ओढूनताणून वाटतं. अर्थाचा सांधाच जुळत नाही. 'खबर'चा मात्र चपखल जुळतो. गंमत अशी की दोन्ही रूपं टिकली आणि त्यांनी कामं वाटून घेतली. आत्ता घडलेल्याची ती खबर, घडून गेलेल्याची ती बखर.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र थोडं थांबायला हवं. सभासदाची बखर उघडून पाहा. साल 1697, ठिकाण तामिळनाडूतलं जिंजी, किल्ल्याला मोगलांचा वेढा. शिवाजी महाराजांना जाऊन सतरा वर्षं झालेली. राजाराम महाराज कृष्णाजी अनंत सभासदाला विचारतात, की आमच्या वडिलांनी एवढा पराक्रम केला, चार पातशाह्यांवर दबाव बसवला, तरी औरंगजेबाने येऊन कित्येक किल्ले घेतले, हे कशामुळे? तुम्ही राज्यातले जुने माहीतगार, तर सगळं पहिल्यापासून लिहून द्या. मला हा प्रसंग फार हलवून जातो. वेढ्यात बसलेला मुलगा बापाची गोष्ट विचारतो आहे, आणि ज्याने ते दिवस पाहिले तो सांगतो आहे. पुढचं सगळं लेखन त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

आणि राजाराम महाराज मागतात ते 'चरित्र'. पुढे मल्हार रामराव चिटणीसाचं शिवाजी महाराजांवरचं लेखनही 'सप्तप्रकरणात्मक चरित्र' म्हणूनच ओळखलं जातं. आपण दोन्हींना सहज बखर म्हणतो. म्हणजे माझ्या मते बखरीचा गाभा 'कुणीतरी विचारलं म्हणून सांगितलेली सविस्तर हकीकत' हा आहे. पुराव्यांची छाननी करून लिहिलेला तो इतिहास, ही वाटणी पुढची. ग्रँट डफचा मराठ्यांचा इंग्रजी इतिहास 1826 साली निघाला आणि 1830 च्या सुमारास मराठीत आला तो 'मराठ्यांची बखर' या नावाने. तेव्हा दोन्ही अर्थांना एकच शब्द पुरत होता. पुढे इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी अस्सल कागदपत्रांचा आग्रह धरला, बखरींतल्या चुका दाखवल्या आणि एकेका अस्सल चिटोऱ्याला बखरींच्या बहुमतापेक्षा जास्त वजन दिलं. तिथून 'बखर' या शब्दाला संशयाचा वास लागला. सनावळीच्या बाबतीत राजवाडे बरोबरच होते. पण बखरीचं गद्य, त्यातली बोलण्याची लय, लोकांना काय आठवलं आणि कसं आठवलं, हे कागदाच्या चिटोऱ्यात सापडत नाही.

जाता जाता लेखकासाठीचा शब्द. 'बखरकार' रूढ आहे, तोच वापरावा. 'बखरनवीस'ही चुकीचा नाही. नवीस म्हणजे लिहिणारा, आपल्या 'चिटणीस', 'फडणीस'मधला 'णीस' तोच.

स्मरणिकेचं म्हणाल, तर जाहिराती, शुभेच्छा आणि अहवाल एकत्र बांधले म्हणजे बखर होत नाही. पण संस्थेचा पहिल्या दिवसापासूनचा एखादा शिपाई किंवा मुख्याध्यापिका नव्या पोरांनी विचारलं म्हणून सगळं सांगत गेली असेल, तर खुशाल बखर म्हणा. फक्त 'बखरमध्ये', 'बखरचा' असं लिहू नका. शब्द स्त्रीलिंगी आहे : ती बखर, त्या बखरी, बखरीत, बखरीचा.