आजोबांची ट्रंक आणि तीन धुरांड्यांची बोट

प्रश्न: माझे आजोबा बोटीने विलायतेला शिकायला गेले होते. त्यांच्या ट्रंकेत ‘स्ट्रॅथनेव्हर’ बोटीचं पोस्टकार्ड, एक मेनूकार्ड आणि ‘पी अँड ओ’ या बोट कंपनीची खूण असलेला चमचा सापडला. आजी सांगायची, ते लढाईआधी गेले. काका म्हणतात, स्वातंत्र्यानंतर. खरं कसं कळेल? एक व्यापारी ट्रंकेवरची लेबलं काढून मागतोय. द्यावीत का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: लेबलं मुळीच सोलू नका! सुटी लेबलं बाजारात ढिगाने मिळतात. तुमच्याकडे ट्रंक, लेबल, मेनू आणि माणूस एकत्र आहेत, आणि अशी जोडणी फार क्वचित शाबूत राहते. लेबलावर ‘नॉट वाँटेड ऑन व्हॉयेज’ असेल, तर ती ट्रंक प्रवासभर बोटीच्या पोटात होती. ‘केबिन’ असेल, तर आजोबांच्या उशाशी.

आता सालाचं. पोस्टकार्डावरच्या बोटीची धुरांडी मोजा. १९३१ साली पाण्यात उतरलेल्या स्ट्रॅथनेव्हरला तीन होती. त्यांतलं फक्त मधलं खरं, पुढचं-मागचं निव्वळ दिखाव्याचं. दुसऱ्या महायुद्धात ती सैन्य वाहायला गेली आणि नंतरच्या दुरुस्तीत दोन्ही खोटी धुरांडी काढून टाकली. म्हणजे तीन दिसली तर चित्र युद्धाआधीचं, एकच दिसलं तर नंतरचं. लेबलावर ‘पी अँड ओ–ओरिएंट लाइन्स’ असं जोडनाव असेल, तर ते १९६० किंवा त्यानंतरचं.

अर्थात जुनं कार्ड पुढे कधीही कुणाकडून येऊ शकतं. म्हणून मेनूवरची तारीख बघा आणि तो उलटून मागची बाजूही बघा. टेबलावरचे सोबती निरोपाच्या जेवणाला मेनूवर सह्या करून देत. तशा पेन्सिलीच्या सह्या असल्या तर खोडरबर जवळ आणू नका. लॅमिनेशन नको, सेलोटेप तर नकोच.

चमच्यावरून कंपनी कळते, बोट नाही. एकाच नमुन्याचे चमचे अनेक बोटींवर असत. मागे ‘ईपीएनएस’ दिसलं तर त्यावर चांदीचा फक्त मुलामा आहे. चिंच, राख, पावडर काही लावू नका, मुलामा कायमचा जाईल.

पक्का पुरावा लंडनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये मिळू शकेल. १८७८ ते १९६० दरम्यान दूरदेशांहून ब्रिटनला उतरलेल्या प्रवाशांच्या याद्या तिथे आहेत आणि त्या ऑनलाइन शोधता येतात. आडनावाची चार-पाच इंग्रजी स्पेलिंग करून पाहा; बोटीवरचे कारकून मराठी नावं कानाला येतील तशी लिहीत.