अर्ज पाठवण्याआधी ग्रामसभेत वाच

प्रिय पोरी,

तुझा शिष्यवृत्तीच्या अर्जाचा खर्डा मिळाला. दोनदा वाचला. पहिल्याच पानावर ‘मी’ तेवीस वेळा आलाय, मोजून पाहिलं. मी उतारावर पाणी अडवणारे सलग समतल चर खोदून घेतले, मी बायकांना एकत्र आणलं, मी गाव टँकरमुक्त केलं. तुला दोष देत नाही. असले अर्ज माणसाला प्रश्न विचारतात, गावाला नाही. चेव्हनिंगला, म्हणजे ब्रिटन सरकारच्या शिष्यवृत्तीला, तर नेतृत्वावर वेगळा निबंधच लिहावा लागतो. मग आपल्याकडची मुलं एक तर सगळं श्रेय स्वतःच्या पदरात घेतात, नाहीतर संकोचापोटी सगळीकडे ‘आम्ही’ लिहितात, आणि वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही की या मुलीनं नेमकं केलं काय.

मला यावर एकच उपाय ठाऊक आहे. अर्ज पाठवण्याआधी तो मराठीतून ग्रामसभेत वाचून दाखव. टिकाव-फावडं चालवलेल्या बायका समोर बसलेल्या असताना ‘मी चर खोदून घेतले’ हे तुझ्या तोंडून निघतं का, ते बघ. अडखळलीस तर ते वाक्य तिथेच खोड. आणि जिथे तू स्वतःबद्दल काहीच लिहिलं नाहीस तिथे कुणीतरी म्हणेलच, “अगं, बोअरचं भांडण तू मिटवलंस, ते कुठंय यात?” ते लिही. हे वाचन दसऱ्याच्या आत कर. एकदा ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यावर गेल्या की तुझ्या गावात उरतात म्हातारी माणसं, आणि ज्यांच्या कामावर तू अर्ज करतेयस ते फडात असतात. चेव्हनिंगचा अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात खुला होतो, तेव्हा वेळ आहे; यंदाची नक्की तारीख मात्र स्वतः बघून घे.

मेंढा-लेखाबद्दल तुला मागे सांगितलं होतं. गडचिरोलीतल्या त्या गावात अभ्यासगट अभ्यास करतो आणि निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वांच्या सहमतीने. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये त्यांना जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. पुढे दोन वर्षं झगडल्यावर 27 एप्रिल 2011 ला बांबू वाहतुकीच्या परवान्यांचं पुस्तक केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हातून ग्रामसभेच्या हाती आलं. सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल त्या गावासोबत कितीतरी वर्षं होते, पण मित्र म्हणून, अभ्यासातला सोबती म्हणून. नेतृत्व म्हणजे काय हे निबंधात लिहायचं असेल तर हे नातं आधी समजून घे.

आता कुठे अर्ज करायचा ते. तू यादीत सहा नावं लिहिली आहेस, त्यातली पाच तुझ्यासाठी नाहीत. स्टेट बँकेची ‘यूथ फॉर इंडिया’ फेलोशिप चांगली आहे, तेरा महिने एखाद्या संस्थेसोबत खेड्यात राहून काम करता येतं. पण ज्याला गाव अजून माहीत नाही त्याने ती घ्यावी. तुला गाव आहे. मुख्यमंत्री फेलोशिप सरकारी यंत्रणा आतून बघायला उत्तम, पण तिथे वर्षभर तू शासनाचं काम करशील, तुझं नाही. अशोका फेलोशिप आपलं काम पूर्णवेळ करता यावं म्हणून निर्वाहवेतन देते, पण तिला अनेक गावांत पसरू शकणारी, कसाला उतरलेली कल्पना लागते. त्याला अजून पाच-सात वर्षं आहेत. गडचिरोलीच्या ‘निर्माण’ या तरुणांसाठीच्या उपक्रमाची ‘कर के देखो’ फेलोशिप मात्र तुझ्या चुलतभावाला सुचव, तो अजून चाचपडतोय. आणि तुमच्या गटातली जी बौद्धवाड्यातली मुलगी कृषी पदवीला आहे, तिला राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची जाहिरात दाखव. ती अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी आहे, जागतिक क्रमवारीत वरच्या विद्यापीठात प्रवेश लागतो. ही माहिती तिच्यापर्यंत कुणीच पोचवत नाही.

तुझ्यासाठी चेव्हनिंग. एका वर्षाचं पदव्युत्तर शिक्षण, आधी किमान दोन वर्षांचा म्हणजे 2800 तासांचा कामाचा अनुभव हवा, आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायचं. ही शेवटची अट लोकांना जाचक वाटते. मला तीच सगळ्यात आवडते. अभ्यासक्रम तीन निवडायचे असतात. तिन्ही भूजल आणि पाणी व्यवस्थापनाचे घे. ‘शाश्वत विकास’ एवढंच नाव असलेला, सगळ्याला हात लावणारा अभ्यासक्रम घेऊन परत आलीस तर विहिरीच्या काठावर उभी राहून नवीन काय सांगशील?

खर्ड्यात सतरा शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी अकरांची नावं घातली आहेस. एक ठेव, सहावं, पाण्याचं. त्या जागी आकडे घाल. ‘गाव पाणीदार झालं’ या वाक्याने कुणाचंही समाधान होत नाही, माझंही नाही. मे महिन्यात किती विहिरींना पाणी होतं, किती परस (पुरुषभर खोलीचं माप) होतं, हे तुझ्या वहीत आहे ना? तेच लिही. आणि लगेच पुढचा प्रश्न स्वतःला विचार: पाऊसच जास्त झाला असेल तर? म्हणून सारख्या पावसाची दोन वर्षं शोधून त्यांचीच तुलना कर. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते. तुमच्या पाणलोटाबाहेरच्या जवळच्या विहिरीची नोंद मागून घे आणि शेजारी मांड. तिथे पातळी तशीच आणि तुमच्याकडे वाढलेली, असं दिसलं तर चराला श्रेय दे. दिसलं नाही तर तेही लिही.

हिशेब अवघड नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. तुमचं शिवार 400 हेक्टर धरलं आणि 500 मिलिमीटर पाऊस धरला तर 200 कोटी लिटर पाणी आभाळातून येतं. ते वाहून किती गेलं, मुरलं किती, पिकांनी किती घेतलं, याचा ताळेबंद हिवरे बाजार दरवर्षी ग्रामसभेत मांडतं आणि त्यावर पिकं ठरवतं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हा नियम त्यांनी पाळला. चर आणि बंधारे पैसा असला की कुणीही बांधतं. पाणी उपसण्यावर नियम घालणं आणि तो भावकीत पाळून घेणं, हे खरं काम. तुमच्या ठरावानंतरही दोन बोअर पडल्या, त्यातली एक तुझ्या सख्ख्या काकांची, आणि तू त्यांच्या दारात तीन संध्याकाळी जाऊन बसलीस. तू हे खर्ड्यातून वगळलंस! हाच तुझा नेतृत्वाचा निबंध आहे. मेलेल्या रोपांचंही लिही. दोन हजार लावली, उन्हाळ्यानंतर जगली किती, मोजून सांग. मुलाखतीत अपयशाबद्दल विचारतातच.

शिफारसपत्र आमदारांचं नको. ज्या कृषी सहायकाने तुझ्याबरोबर ए-फ्रेम घेऊन उन्हात समपातळी आखली, त्यांचं घे.

पैशाबद्दल एक चूक दुरुस्त कर. शिष्यवृत्तीतून उरलेल्या रकमेतून गावाला ठिबक संच देईन, असं लिहिलंयस. मन चांगलं आहे, पण काढून टाक. शिष्यवृत्ती तुझ्या फीसाठी आणि तुझ्या पोटासाठी असते, आणि परदेशी देणगीच्या कायद्यात तिला म्हणूनच सूट आहे. गावाच्या कामासाठी परदेशातून निधी घ्यायचा तर संस्थेची नोंदणी लागते, दिल्लीतल्या ठरलेल्या शाखेत खातं लागतं, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेला तो पैसा दुसरीकडे वळवताही येत नाही. हे दोन रस्ते कधी एकत्र करू नकोस.

शेवटी एक माझं. नव्वदच्या दशकात दहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला मी गाव सोडून गेलो होतो. विहिरींच्या पातळीची वही माझ्या अक्षरात होती, माझ्या पेटीत होती, आणि पेटीची किल्ली माझ्या खिशात. परत आलो तेव्हा पाणी समिती मोडली होती. खाली ओढ्याकाठच्या लोकांनी जास्त मोटारी टाकल्या होत्या, वरचे म्हणत होते आमचं पाणी गेलं, आणि कोण खरं हे सांगायला एकाही महिन्याची नोंद नव्हती. सहा वर्षांचं काम होतं ते. गावाने मला दोष दिला नाही, पण समिती पुन्हा उभी राहिली नाही.

म्हणून ग्रामसभेत अर्ज वाचून झाला की तिथेच विचार, वर्षभर वही कोण सांभाळणार. दोघी हव्यात, आणि एक तरी ऊसतोडीला न जाणारी. मोजायची दोरी त्यांच्या घरी ठेव. निवड झाली नाही तरी ती परत मागू नकोस. दुरुस्त केलेला खर्डा पाठवशील तेव्हा त्यासोबत या महिन्याच्या नोंदीच्या पानाचा फोटो पाठव. अक्षर तुझं नसावं.

तुझा,
काका