‘दूध पुरतंय का’ सोडून बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात बाळंतपणानंतर मनाचं काय होतं यावर थोडंसं लिहिलं होतं, त्यावर बऱ्याच मेल आल्या. त्यातल्या तीन घेतल्यात. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

प्रश्न: ताई, मी वाकडला राहते. सिझर झालं, बाळ नऊ आठवड्यांचं आहे. आई साताऱ्याहून आली होती, सव्वा महिना झाला आणि गेली, तिकडे बाबांचं करायला कोणी नाही. नवरा हिंजवडीला, सकाळी जातो तो रात्रीच उगवतो. बाळ छान आहे, वजन वाढतंय, सगळे म्हणतात किती गुणी आहे, आणि मी बाथरूममध्ये नळ सोडून रडते. बाळ झोपलं तरी मला झोप लागत नाही. आणि एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही, आमचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे, बाल्कनीचं दार दिसलं की वाटतं बाळ हातातून खाली पडेल, किंवा मीच टाकेन. मी ते दार ओढणीने बांधून ठेवलंय. सासूबाई म्हणतात आम्ही तीन-तीन काढली, आमच्या वेळी नव्हती असली थेरं. थेरपीला गेले तर मला वेडी ठरवून बाळ काढून घेतील का? आणि गोळ्या दिल्या तर अंगावरचं दूध बंद करावं लागेल ना?

उत्तर: आधी बाल्कनीचं बोलू, कारण बाकी सगळं पत्र त्याच्याभोवतीच फिरतंय असं मला वाटतं. असे नको ते विचार डोक्यात घुसणं नव्या आईबापांमध्ये खूप कॉमन आहे, फक्त कोणी बोलत नाही, कारण बोललं तर लोक काय म्हणतील. विचार आला म्हणजे तशी इच्छा आहे असं नसतं. तुम्ही त्या विचाराने घाबरताय, दार बांधून ठेवताय, म्हणजे तुमचं मन बाळाला जपायलाच धडपडतंय. पण थेरपिस्टला हे असंच्या असं सांगा, गुळमुळीत करून नको. आणि कधी तो विचार बरोबर वाटायला लागला, कोणीतरी तसं करायला सांगतंय असं ऐकू आलं, किंवा आपणच नसलेलं बरं असं वाटलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, बाळाजवळ एकटं थांबायचं नाही, नवऱ्याला ऑफिसातून बोलवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

आता रडण्याचं. डिलिव्हरी झाली की इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स एकदम कोसळतात, त्यात जागरणं, टाके, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच भरून येणं हे बऱ्याच जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. तुमचे नऊ आठवडे झालेत. बाळ झोपल्यावर पण डोळा लागत नाही ही गोष्ट मला रडण्यापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. हे प्रसूतीनंतरचं डिप्रेशन असू शकतं, त्यात चिंता पण मिसळलेली असते, आणि तो आजार आहे, तुमचा कमकुवतपणा नाही. भारतातले बरेच अभ्यास एकत्र करून २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आकडा आला होता, साधारण २२ टक्के आया, म्हणजे पाचातली एक. तुमच्याच सोसायटीत, तुमच्याच लिफ्टमध्ये अजून कोणीतरी असणार, ती पण हसून ‘बाळ मजेत’ म्हणत असणार.

करायचं काय, तर पहिलं तुमच्या गायनॅककडेच जा आणि थायरॉइड, हिमोग्लोबिन बघा म्हणून सांगा, कारण डिलिव्हरीनंतर थायरॉइड बिघडला किंवा रक्त कमी असलं तरी माणूस असंच गळून जातं. तिथे एडिनबर्ग स्केल भरून घ्यायला सांगा, १९८७ सालची दहा प्रश्नांची छोटी प्रश्नावली आहे, मागच्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारतात, पाच मिनिटांत होते. त्यावरून निदान नाही होत पण डॉक्टरांना दिशा मिळते. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल असतो, तो घाईघाईत ‘नाही’ करून पुढे जाऊ नका.

थेरपी म्हणजे कोचावर आडवं पडून लहानपण उगाळणं नव्हे हो. पाऊण-एक तासाचं सेशन, आठवड्याला एक, बाळाला घेऊन गेलात तरी चालतं, मधे पाजलंत तरी चालतं, ऑनलाइन पण होतं. एका पद्धतीत विचारांवर काम करतात, ‘मी वाईट आई आहे’ हे डोक्यात कुठून येतं आणि त्यावर काय करायचं. दुसरीत नात्यांवर, म्हणजे नवरा, सासूबाई, सुटलेलं ऑफिस, साताऱ्याला परत गेलेली आई. तुमच्या पत्रावरून मला दुसरीची गरज जास्त दिसते पण ते ठरवणारी मी कोण. फी फोनवरच विचारा, त्यात लाजायचं काही नाही. काउन्सेलर गोळ्या देत नाहीत, त्या सायकियाट्रिस्ट देतात, आणि गरज पडली तर दूध पाजताना देता येणारी औषधं आहेत, सर्ट्रालिन त्यातलं नेहमीचं. असर दिसायला दोन-चार आठवडे जातात. दूध बंद करा असं कोणी परस्पर सांगितलं तर डॉक्टरांना पुन्हा विचारा, आणि स्वतःच्या मनाने गोळी सोडू पण नका.

बाळ काढून घेण्याचं डोक्यातून काढा. थेरपीला गेली म्हणून कोणी आईचं बाळ नेत नाही. उलट २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात असं आहे की आईला ॲडमिट करावं लागलं तरी तीन वर्षांखालचं मूल शक्यतो तिच्यापासून वेगळं करायचं नाही.

आणि आज रात्रीपासून, वाट न बघता, सलग चार-पाच तास झोप. रात्री नऊला पाजून तुम्ही दुसऱ्या खोलीत, दोनपर्यंत नवरा बघेल, मधे काढून ठेवलेलं दूध द्यायचं. त्याला सकाळी ऑफिस आहे हे मला माहितीये, तुम्हाला पण सकाळी ड्युटी आहेच की. झोप लागली नाही तरी पडून राहायचं, आणि हे डॉक्टरांना सांगायचं. सासूबाईंनी तीन काढली हे खरंच, पण त्या घरात जावा, नणंदा, आत्या असणार, बाळ या हातातून त्या हातात जात असणार. अकराव्या मजल्यावर दिवसभर एकटीने एक काढणं हे त्यांनी पण केलेलं नाहीये. एवढं त्यांना चहा पिताना प्रेमाने विचारून बघा, मला वाटतं त्या ऐकतील.

अपॉइंटमेंट मिळेपर्यंत रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलतात.

प्रश्न: सुनेची डिलिव्हरी होऊन आठ दिवस झाले. तीन रात्री ती झोपलेली नाही पण दमलेली पण दिसत नाही, सारखी बोलत असते, मधेच म्हणते दवाखान्यात बाळ बदललं, हे आपलं नाही. काल दुधात काहीतरी घातलंय म्हणून जेवली नाही. शेजारच्या म्हणतात ओली बाळंतीण आहे, बाहेरचं लागलं असेल, कोणालातरी दाखवा. काय करू?

उत्तर: काकू, तुम्हाला मेल आल्या आल्या फोन केला होता, आता तुम्ही हो म्हणालात म्हणून बाकीच्यांसाठी छापतेय. हे डिप्रेशन नाही, याला प्रसूतीनंतरचा सायकोसिस म्हणतात, म्हणजे खरं काय आणि भास काय हेच कळेनासं होतं, हजारात एक-दोन बायकांना होतो, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच, आणि ही इमर्जन्सी आहे, हार्ट अटॅकसारखीच. ज्यांना आधीपासून बायपोलर, म्हणजे मन कधी खूप वर कधी खूप खाली जाण्याचा आजार, आहे त्यांना धोका जास्त. आई आणि बाळ दोघांना एकटं सोडायचं नाही, तिच्याशी ‘बाळ आपलंच आहे’ म्हणून वाद घालायचा नाही, आणि सरळ ससूनला किंवा जिथे सायकियाट्रिस्ट चोवीस तास असतील अशा मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं. अंगारा लावायचाच असेल तर रिक्षात लावा, त्यासाठी थांबू नका. वेळेवर उपचार झाले तर बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात, फक्त पुढच्या बाळंतपणात आधीच डॉक्टरांना कल्पना द्यावी लागते.

प्रश्न: मी कोथरूडचा, मुलगी चार महिन्यांची. बायको बरी आहे. मला मात्र मुलीबद्दल काही वाटतच नाही, फोटो टाकतो, लोक ‘बापमाणूस’ लिहितात, आणि मी संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडी बंद करून नुसता बसून राहतो. बारीकसारीक गोष्टीवरून ओरडतो. बाळंतपण मला झालं नाही, मग हे काय?

उत्तर: दादा, बाळ झाल्यावर डिप्रेशन बापांना पण होतं. २०१० साली बऱ्याच देशांतले अभ्यास एकत्र केले तेव्हा साधारण दहा टक्के बाप निघाले, आणि तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात प्रमाण जास्त, म्हणजे तुम्ही बरोबर त्याच टप्प्यावर आहात. पुरुष रडत नाहीत, ते चिडतात, उशिरापर्यंत ऑफिसात बसतात, पिणं वाढवतात. बापाला डिप्रेशन असलं की आईला असण्याची शक्यता पण जास्त असते, म्हणून ‘बायको बरी आहे’ हे तिला विचारून लिहिलंय की बघून, हे एकदा तपासा. तीच दहा प्रश्नांची प्रश्नावली दोघांनी भरा, आणि तुमची अपॉइंटमेंट तुमच्या नावाने घ्या, ‘बायकोसाठी विचारतोय’ असं करू नका.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवस रजा मिळते, खाजगीत कायद्याने तेवढी पण नाही, आणि आईला २६ आठवडे. म्हणजे मुलीची आणि तुमची ओळख व्हायला वेळ कधी मिळाला? माया पहिल्या दिवशी आपोआप फुटते असं सगळ्यांनाच होत नाही, बऱ्याच बापांना ती करता करता येते. तर एक काम पूर्ण तुमचं घ्या, मदत म्हणून नाही, तुमचं. मुलीची अंघोळ घ्या. मालिशवाल्या बाई येत असतील तर रविवारी त्यांच्याकडून शिकून घ्या, पायावर बाळ कसं धरायचं, पाणी किती गरम. बाई हसतील, आणि दुपारपर्यंत अख्ख्या सोसायटीला सांगतील पण. सांगू दे.